चाळिशीतली सहावी ब

मे महिन्याच्या सुट्टीत शिक्षकाला शाळेत बोलावणं हा खरं तर गुन्हा ठरवायला हवा. तसा कायदा नसल्यामुळे त्या वर्षी उपनगरांतल्या शाळांमधून इतिहास शिकवणाऱ्या आम्हा काही जणांना मुलुंडच्या एका शाळेत उद्बोधन वर्गाला हजर राहण्याचा हुकूम आला. मी तेव्हा भांडुपला राहत होते आणि घाटकोपरच्या एका मराठी शाळेत पाचवी ते सातवीला इतिहास शिकवत होते. गिरण्यांचा संप होऊन वर्ष उलटलं होतं. माझे सासरे गिरणीतून सुटून गावी जाऊन बसले होते आणि घरातले सगळे आंब्या-फणसाला त्यांच्याकडे निघाले होते. मी मागे राहणार हे कळल्यावर सासूबाईंनी पिशवीची गाठ बांधता बांधता मला धीर दिला, "तू शीक गो बाय. आमी तुझ्या वाटणीचे आंबे खातंव."

त्यांनी शब्द पाळला, हे पुढे त्यांच्या वजनावरून कळलंच.

मुलुंडच्या त्या हॉलमध्ये तिसरीच्या वर्गाची बाकं लावली होती. त्यांत आम्ही कसेबसे शिरलो. काही जण शिरले ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाहेर येऊ शकले नाहीत. समोर कापडी फलक होता, 'इतिहास अध्यापनातून परस्पर सामंजस्य'. माझ्या शेजारी मुलुंडचेच एक सर बसले होते. पन्नाशीचे, पांढरा सदरा, दाट मिशा. लढाई शिकवावी तर यांनीच, अशी त्यांची ख्याती होती. ते शिकवू लागले की शेजारच्या वर्गातलं गणित थांबतं, असं त्यांचे विद्यार्थी सांगत. फलकाकडे बघून ते मला हळूच म्हणाले, "सामंजस्य आधी या पंख्यांना शिकवा. एक फिरायला लागला की दुसरा थांबतो."

आमच्या पुढच्या बाकावर जोगेश्वरीच्या एका उर्दू शाळेतल्या टीचर होत्या. डोक्यावर ओढणी, हातात क्रोशाचं काम. सरांना त्यांची काळजी वाटली. पुढे वाकून ते म्हणाले, "आप को कुछ समझने में अडचण आया तो मेरे को पूछने का, हां."

त्यांनी क्रोशाचा टाका पूर्ण केला आणि मागे वळून म्हणाल्या, "सर, तुमची हिंदी कळायला मला जरा अडचण येते. मराठीत बोला ना."

त्या रत्नागिरीकडच्या निघाल्या. घरी कोकणी बोलणाऱ्या. त्यांची नि माझी तिथेच गट्टी जमली, कारण बांगड्याच्या तिरफळं घातलेल्या कढीबद्दल आमचं पूर्ण सामंजस्य होतं.

उद्घाटनाला एक अधिकारी आले. त्यांनी विविधतेतली एकता इतक्या वेळा सांगितली की माझा डोळा लागला. ते गेल्यावर आमच्या प्रशिक्षिका उभ्या राहिल्या. बी.एड. कॉलेजात शिकवणाऱ्या, ठेंगण्या, मोठी पर्स घेतलेल्या, आणि आवाज इतका हळू की ऐकायचं तर गप्प बसावंच लागे. आम्ही त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचो.

"मी भाषण करणार नाही," बाई म्हणाल्या. "आजपासून ही सहावी ब. तुमच्यातलं कुणीतरी एक जण धडा घेईल, बाकीचे पोरं. पोरं म्हणजे खरी पोरं. आपापल्या वर्गातला एखादा विद्यार्थी निवडा आणि तो व्हा. तो जसा बसतो तसं बसायचं, जे विचारतो ते विचारायचं."

पहिला धडा अर्थातच मुलुंडच्या सरांनी घेतला. एका किल्ल्याच्या वेढ्याचा धडा होता. त्यांनी फळ्यावर डोंगर काढला, घसा साफ केला आणि सुरुवात केली. शाळेचा शिपाई किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला आणि तिथेच रमला.

आम्ही आधी लाजत होतो. मग बोरिवलीच्या शाळेतले एक तरुण गुरुजी उठले आणि करंगळी दाखवून म्हणाले, "सर, जाऊ?" बस, तिथून बांध फुटला. आयुष्यभर पोरांचा त्रास सोसलेल्या माणसांना त्रास द्यायची पहिलीच संधी मिळाली होती. पार्ल्याच्या एका पोक्त बाईंनी पुढच्याच्या शर्टाला खडू पुसला. कुणी बाकाखाली चिंच खाल्ली, तीसुद्धा खरी, घरून आणलेली. मी माझ्या वर्गातली एक मुलगी झाले होते, जी प्रत्येक वाक्यानंतर हात वर करते. "सर, हे परीक्षेत येणार का? सर, हे लिहून घ्यायचं का? सर, डोंगर पण काढायचा का?"

सरांनी डस्टर आपटलं. "ही कार्टी कुठल्या शाळेची आहेत?" असं त्यांनी बाईंना विचारलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्याच."

या सगळ्या गोंधळात जोगेश्वरीच्या टीचर तेवढ्या गप्प होत्या. क्रोशा पिशवीत ठेवून, हनुवटी तळहातावर टेकवून त्या खिडकीबाहेर बघत होत्या. सरांना वाटलं, एकटी हीच सापडण्यासारखी आहे.

"ए, तू. खिडकीतून काय बघणं चाललंय? ऊठ. कोण तू?"

त्या उभ्या राहिल्या. "सर, मी माझा मुलगा झालेय. तो मराठी शाळेत सहावीत आहे. इतिहासाच्या तासाला तो असाच बाहेर बघत बसतो, असं त्याच्या सरांनी कळवलंय."

"का बघतो?"

टीचरनी आवाज बदलला नाही की काही नाही. नुसतं मुलासारखं हात मागे बांधून म्हणाल्या, "सर, तुम्ही 'मग आपण त्यांना धूळ चारली' म्हणता ना, तेव्हा सगळे वळून माझ्याकडे बघतात. मग मी कुठे बघू?"

शिपायाच्या हातातल्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या. सर म्हणाले, "मी काही तुझ्याबद्दल बोलत नाही." टीचर त्याच सुरात म्हणाल्या, "मला माहितीये सर. पण ते बघतात."

सर बाईंकडे वळले. "हे बरोबर नाही. तीस वर्षं शिकवतोय मी. माझ्या वर्गात मी कधी कुणाला वेगळं वागवलं नाही."

तेवढ्यात बोरिवलीचे गुरुजी उठले. परभणीकडून आलेले, अंगाने काडी, बौद्ध कुटुंबातले, आणि बोलताना कायम हसणारे. "सर, मी पण विचारू? मी मीच झालोय, लहानपणचा. आमच्या पुस्तकात होतं, 'त्या काळी त्या लोकांना गावाबाहेर राहावं लागे.' मी मागे वळून बघायचो, ते लोक कुठे बसलेत. मागे भिंत. शेवटच्या बाकावर मीच."

आम्ही हसलो. गुरुजींनी सांगितलंच तसं होतं. पण हसू तोंडातून पूर्ण बाहेर यायच्या आत कुठेतरी अडकलं, आणि मग जो तो आपापल्या बाकावर कोरलेली नावं बघत बसला. सरांनी फळ्यावरचा डोंगर पुसून टाकला. त्या दिवशी डबा घेऊन ते एकटेच जिन्यात जाऊन बसले.

मला वाटलं, हे आता येत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी ते आमच्या आधी हजर. जोगेश्वरीच्या टीचर आत आल्या तसे ते सरळ त्यांच्यापाशी गेले. "तुमच्या मुलाला विचारलंत का, की तो खरंच तेवढ्यासाठी बाहेर बघतो?"

"विचारलं. रागावला माझ्यावर. अम्मी, तू सगळ्यांसमोर माझी नक्कल केलीस, म्हणाला. खिडकीबाहेर कबुतरं असतात, मी कबुतरं पण बघतो, म्हणाला."

सरांचा चेहरा उजळला. "बघा. कबुतरं."

"'पण' म्हणाला, सर. 'कबुतरं पण'."

सर तोंडातल्या तोंडात 'पण' म्हणत जागेवर जाऊन बसले. व्याकरणाचा मार मराठी शाळेतल्या माणसाला वर्मी बसतो.

बाईंनी त्या दिवशी नवा खेळ काढला. तोच धडा पुन्हा घ्यायचा, पण 'आपण' आणि 'ते लोक' हे शब्द वापरायचे नाहीत. कुणी वापरले की पोरांनी बाक वाजवायचा. सोपं आहे, मला वाटलं. सर उभे राहिले. "तर मग पहाटेच्या वेळी आप..." सहावी ब टपून बसलीच होती. बाक धडाधड वाजले. "तर पहाटेच्या वेळी राजांच्या सैन्याने शत्रू... म्हणजे सुलतानाच्या सैन्यावर, म्हणजे त्यांच्यातल्या काही..." सरांच्या कपाळावर घाम आला. तीस वर्षं उताराला सुसाट धावलेली गाडी कुणीतरी खडकाळ वाटेवर घातली होती. त्यांचा तो गाजलेला आवाज प्रत्येक शब्दाशी अडत होता. आम्हाला मात्र बाक वाजवायचा इतका आनंद झाला होता की काही जण 'आपणहून' या शब्दालाही वाजवत होते.

मग मी उभी राहिले. माझं पहिलंच वाक्य होतं, "आपल्या कोकणातून." बाक. पाठोपाठ दुसरं, "आता आपण नकाशा बघू." बाक. पार्ल्याच्या बाई तर ओरडल्या, "उठाबशा काढायला लावा हिला." जोगेश्वरीच्या टीचर उठल्या आणि त्याही तिसऱ्या वाक्याला अडकल्या. "आमच्या शाळेत मी उलट्या बाजूने 'आपण' म्हणते," त्या खाली बसताना मला म्हणाल्या. "इतकी वर्षं ध्यानातच नाही आलं."

आणि नेमके तेव्हाच ते उद्घाटनाचे अधिकारी तपासणीला आले. बाईंनी आम्हाला डोळ्यांनी दटावलं. अधिकाऱ्यांनी माईक नसताना माईक धरल्यासारखी मूठ तोंडापाशी नेली आणि म्हणाले, "मित्रांनो, आपण सारे एक आहोत."

काय सांगू, हात आपोआप उठले. अख्ख्या हॉलने बाक वाजवले. बाईंनी कपाळाला हात लावला. अधिकारी दचकले, मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. त्यांना वाटलं, ही नवी पद्धतीची टाळी आहे. "आपण," त्यांनी पुन्हा सुरुवात केली, "आपणच या देशाचे शिल्पकार आहोत." पुन्हा गडगडाट. सर सगळ्यात जोरात वाजवत होते, मघाचा सगळा सूड त्या बाकावर काढत होते. अधिकाऱ्यांनी भाषण दुप्पट लांबवलं आणि जाताना बाईंना सांगितलं, "इतका जिवंत प्रतिसाद मला कुठेच मिळाला नाही." बाई म्हणाल्या, "त्यांनी तुमचा शब्द न् शब्द ऐकला, साहेब."

ते गेल्यावर आम्ही हसून हसून बाकांवर आडवे झालो. सर डोळे पुसत होते. त्या दिवशी डबा घेऊन ते आमच्यात आले आणि जोगेश्वरीच्या टीचरसमोर बसले. भांडण मात्र चालूच होतं. डब्यागणिक चालू राहिलं. सरांचं म्हणणं, "अहो, 'आपण' काढलं तर पोरांना अंगावर काटा कसा येणार? इतिहास म्हणजे काय रेशनकार्ड आहे का, नुसती नावं वाचायला?" टीचरचं म्हणणं, काटा येऊ दे ना, पण सगळ्यांच्या अंगावर येऊ दे. राजांच्या तोफखान्यावर, आरमारात मुसलमान होते, सुलतानाच्या फौजेत मराठे सरदार होते, हे पुस्तकात एका ओळीत येतं आणि तुम्ही ती ओळ घाईत वाचता. सर म्हणाले, "मी घाईत नाही वाचत." मग भाकरी मोडत म्हणाले, "वाचतो."

शेवटच्या दिवशीचा धडा बाईंनी या दोघांनाच मिळून घ्यायला सांगितला. त्यांनी शिकवलं नाही, वेढाच घातला. हॉल म्हणजे किल्ला, बाहेरचा व्हरांडा म्हणजे छावणी. कोण काय होणार त्याच्या चिठ्ठ्या केल्या आणि ज्याच्या नशिबात जे येईल ते. बाईंनाही चिठ्ठी काढायचा आग्रह केला तर त्या म्हणाल्या, "मी पाऊस. मला वाटेल तेव्हा येईन आणि वेढा उठवीन."

जोगेश्वरीच्या टीचरना आलं, राजांच्या किल्ल्यातला गोलंदाज. बोरिवलीचे गुरुजी किल्ल्यातले कोठीवाले. मी बाहेरच्या छावणीत दाणावैरण विकणारी. आणि सरांच्या चिठ्ठीवर निघालं, 'सुलतानाच्या पदरचा मराठा सरदार'.

सरांनी चिठ्ठीची पुन्हा घडी केली आणि ती बाईंपुढे धरली. "मी ह्या बाजूला उभा राहणार नाही. बदलून द्या."

"तेव्हा पुष्कळ जण उभे राहिले," बाई म्हणाल्या. "का राहिले, ते आज तुम्हीच सांगा."

सर व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभे राहिले. मग त्यांनी सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या. "माझं वतन सुलतानाकडे आहे," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "घरात म्हातारी आई, पोरंबाळं. राजांकडे गेलो तर वतन जाईल. आणि धाकटा भाऊ तिकडे किल्ल्यात आहे." धाकटा भाऊ चिठ्ठीत नव्हता, तो त्यांनी स्वतःच जन्माला घातला. मग त्यांनी हॉलच्या दारावर थाप मारली आणि आपल्या त्या आवाजात हाक दिली, "भावा, दार उघड. तुझा थोरला आलाय."

आतून जोगेश्वरीच्या टीचरचा आवाज आला, "भाऊ झोपलाय. माझ्याशी बोला."

"तू कोण?"

"तोफेवरचा गोलंदाज."

"अरे, तुझी माणसं तर आमच्याकडे आहेत."

"आणि तुमची आमच्याकडे. बोला, अदलाबदल करायची का?"

दोन्हीकडच्या फौजा हसू लागल्या. सर दाराला कान लावून उभे होते. ते हसले नाहीत. "भाऊ जेवला का?" त्यांनी विचारलं. दाराआडून उत्तर आलं, "आमच्याबरोबरच जेवतो."

वेढा बारा वाजेपर्यंत सहज टिकला असता. पण किल्लेकऱ्यांनी एक मोठी चूक केली होती. त्यांचे डबे बाहेर व्हरांड्यातच राहिले होते. छावणीची बाजारवाली या नात्याने मी ते उघडले. टीचरच्या डब्यात सुक्या जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी होती. मी तिचा वास पुठ्ठ्याने वारा घालून दाराच्या फटीकडे पाठवला. आत चुळबुळ सुरू झाली. गोलंदाजाने दटावून पाहिलं, "कोणी हलायचं नाही. माझीच चटणी आहे ती, मला नाही का वाटत?" पण कोठीवाल्यांनी कडी काढली. बाहेर येऊन गुरुजी म्हणाले, "कोठीत खडूशिवाय काही नाही. मी शरण आलोय."

बाई धापा टाकत आल्या. "अहो, मी पाऊस आणणारच होते. इतिहासात हा किल्ला पडला नाही."

"आमच्या वर्गात पडला," सर म्हणाले. जेवताना मात्र ते मला म्हणाले, "दारापाशी उभा होतो ना, तेव्हा मला खरंच वाईट वाटत होतं. आणि भाऊ तर मला नाहीच. एकुलता एक आहे मी."

जूनमध्ये शाळा सुरू झाली. उद्बोधन वर्गाहून आलेला शिक्षक पंधरवडाभर नवा असतो, मग पुन्हा जुना होतो, असं आमचे मुख्याध्यापक म्हणत. तो पंधरवडा संपायच्या आत मी माझ्या सहावीत वेढा घालून घेतला. चिठ्ठ्या काढल्या, बाकं ओढली, व्हरांडा अडवला. आरडाओरडा एवढा झाला की मुख्याध्यापकांनी शिपायाला बघायला पाठवलं आणि शिपाई सुलतानाकडून लढायला उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी एका मुलीचे वडील मला भेटायला आले. मूळचे राजापूरचे, गिरणीतून सुटल्यावर एका कारखान्यात रखवालदारी करणारे. मुलीचा हात घट्ट धरलेला. "बाई, माझ्या पोरीला सुलतानाच्या बाजूला का टाकलंत? घरी येऊन रडत होती."

"चिठ्ठी निघाली तशी."

"मग परत काढा. आमच्या घरातलं कोण तिकडे जाणार नाय."

मी सरांसारखं सांगायला लागले, वतन, म्हातारी आई, धाकटा भाऊ. माझ्या तोंडून ते तितकं बरं निघालं नाही. वडील मान हलवत राहिले. शेवटी मी हात टेकले. "बरं, उद्यापासून ती किल्ल्यात."

मुलगी म्हणाली, "नको."

"का गं? काल तर रडलीस."

"तास संपला म्हणून रडले. माझी तोफ डागायचीच राहिली." मग वडिलांकडे बघून, लहान मुलाला समजावावं तसं तिने सांगितलं, "पप्पा, मोठी तोफ तिकडेच आहे. किल्ल्यात बारकी आहे."

वडिलांनी तिचा हात सोडला. जरा वेळ ते व्हरांड्यात ओढून ठेवलेल्या बाकांकडे, त्यांवर आडव्या ठेवलेल्या कचऱ्याच्या डब्याकडे बघत राहिले. ती तोफ होती. "हिला चाकं नायत," ते म्हणाले. "एवढी मोठी तोफ डोंगरावर वडत नेली कशी?"

मला ते माहीत नव्हतं. मी म्हटलं, "बघून सांगते." पुढच्या आठवड्यात त्यांनी लाकडाच्या फळीला जुनी बेअरिंगं बसवून एक गाडा पाठवून दिला. वेढा त्यामुळे इतका लांबला की चाचणी परीक्षा आली तरी किल्ला उभाच होता, आणि मोगलांचं अख्खं प्रकरण मला दोन तासांत उरकावं लागलं.